वर्कस्टेशनला कोणती रॅम लागेल? नागपूरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"भाऊ, ही चालेल का?" एवढाच मजकूर, सोबत नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या काउंटरवर काढलेला रॅमचा धूसर फोटो, आणि दुकानदार समोर उभा असल्यामुळे उत्तर लगेच हवं. मला येणारे बरेचसे निरोप असेच असतात. मशीन कोणतं, ते मात्र कोणी लिहीत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर, आर्किटेक्ट, ड्रोन सर्व्हेवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे अशा सगळ्यांनी आजवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तोच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझा असेंबल्ड पीसी आहे, कंपनीचं वर्कस्टेशन नाही. हे सगळं मला लागू होतं का?

बरंचसं होतं. नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये रॅमच्या दोन किंवा चार जागा असतात आणि साधी, म्हणजे अनबफर्ड रॅम लागते. वर्कस्टेशन म्हणजे जड व्यावसायिक कामासाठी बनवलेलं मशीन. त्यात बहुधा आठ, कधी सोळा जागा असतात, आणि मॉडेलप्रमाणे ईसीसी (चूक दुरुस्त करणारी) किंवा रजिस्टर्ड रॅम लागते, फरक प्रश्न ५ मध्ये. खरा घोळ इथेच होतो. तुमचं मशीन साधं असेल तर प्रश्न २, ३, ४ आणि १० वाचले तरी पुरे.

२. माझ्या मशीनला कोणती रॅम लागते हे शोधायला सुरुवात कुठून करू?

मशीनपासून. रॅमची जाहिरात किंवा दुकानातली ऑफर नंतर बघा.

डेलच्या मशीनवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या सपोर्ट पानावर टाकला की मशीन कारखान्यातून काय घेऊन निघालं ते दिसतं. एचपीच्या मशीनचं नाव आणि प्रॉडक्ट नंबर घेऊन त्याचं 'क्विकस्पेक्स' शोधा. त्यात रॅमचा प्रकार, जागांची संख्या आणि कोणती स्टिक (रॅमची पट्टी) आधी कुठे लावायची, इथवर सगळं असतं. लेनोवोची हीच माहिती 'पीएसआरईएफ' नावाच्या पानांवर मिळते. असेंबल्ड मशीन असेल तर मदरबोर्डचं पूर्ण नाव हवं, अगदी शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाच्या बोर्डाची डीडीआर४ आणि डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) अशी दोन रूपं असतात आणि फरक त्या शेपटातच असतो. बोर्ड बनवणारे तपासून पाहिलेल्या स्टिकची यादी देतात, तिला क्यूव्हीएल म्हणतात. यादीत नसलेली स्टिक चालतच नाही असं नाही, पण यादीतली असली की भांडायला आधार मिळतो.

मशीन चालू असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती जागा भरल्या आहेत आणि वेग किती ते दिसतं. 'सीपीयू-झेड' या फुकट प्रोग्रॅमच्या एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्टिकचा निर्माता, पार्ट नंबर, रँक सगळं येतं. लिनक्सवाल्यांसाठी 'डीएमआयडीकोड' आहेच.

आणि शेवटी, मशीन बंद करून एक स्टिक काढा आणि तिच्या लेबलचा स्वच्छ फोटो घ्या. दुकानात जाताना जुनी स्टिकच खिशात असली तर आणखी उत्तम, फक्त ती नाण्यांसोबत ठेवू नका.

३. स्टिकवरचं लेबल वाचायचं कसं? तिथे तर नुसती अक्षरं आणि आकडे आहेत.

एक उदाहरण घेऊ: '१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर'.

१६जीबी ही क्षमता. '२आर' म्हणजे दोन रँक आणि 'एक्स४' म्हणजे प्रत्येक चिप चार बिट रुंद (रँक म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचा गट, त्याचं काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये). 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '२४००' हा वेग आणि त्याला चिकटलेलं 'टी' ही टायमिंगची श्रेणी. २१३३ ला 'पी', २६६६ ला 'व्ही', २९३३ ला 'वाय' आणि ३२०० ला 'एए' लागलेलं सापडेल. त्याचं फार मनावर घ्यायचं कारण नाही.

मनावर घ्यायचं ते सगळ्यात शेवटचं अक्षर. 'यू' म्हणजे साधी अनबफर्ड, 'ई' म्हणजे अनबफर्ड पण ईसीसी, 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'एल' म्हणजे लोड-रिड्यूस्ड, आणि 'एस' म्हणजे लॅपटॉपची छोटी स्टिक. काही लेबलांवर या अक्षरानंतर आणखी अक्षरं-आकडे येतात, ते सोडून द्या. लोक जीबी आणि वेग बघून पैसे मोजतात आणि अडकतात ते या एका अक्षरापाशी.

आणखी एक गोंधळ. काही स्टिकवर 'पीसी४-२४००' असतं, काहींवर 'पीसी४-१९२००'. दोन्ही एकच. दुसरा आकडा सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात तो आहे, म्हणजे २४०० गुणिले ८. आकडा पाच अंकी दिसला की आठने भागा. 'ही १९२०० वाली जास्त फास्ट आहे' असं सांगून जास्त पैसे मागितलेले मी ऐकले आहेत.

४. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसवता येते का? जोर लावला तर?

नाही, आणि जोर मुळीच लावू नका. डीडीआर३ च्या डेस्कटॉप स्टिकला २४० पिन असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ ला २८८, पण दोघींची खाच वेगवेगळ्या ठिकाणी. व्होल्टेजही वेगळं: डीडीआर३ ला १.५, तिच्या 'एल' प्रकाराला १.३५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. खाच जुळत नसेल तर स्टिक उलटी धरून बघा. तरीही जुळली नाही तर ती तुमच्या मशीनची नाही.

५. ईसीसी, नॉन-ईसीसी, रजिस्टर्ड, अनबफर्ड... नेमका फरक काय, आणि काय कशासोबत चालतं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बाजारात त्यांची खिचडी होते.

पहिला प्रश्न चूक सापडण्याचा. साध्या रॅममध्ये ६४ बिट असतात. ईसीसी डीडीआर४ मध्ये ७२, म्हणजे आठ बिट तपासणीसाठी जास्तीचे. एखादा बिट आपोआप उलटला तर ईसीसी तो दुरुस्त करते, दोन उलटले तर निदान बोंब मारते. रात्रभर विश्लेषण चालवणाऱ्या इंजिनिअरला याची किंमत कळते.

दुसरा प्रश्न सिग्नलचा. अनबफर्ड स्टिकमध्ये प्रोसेसरचे आदेश थेट चिपपर्यंत जातात. रजिस्टर्ड स्टिकवर मध्ये एक जादा चिप बसलेली असते, ती आदेश आधी स्वतःकडे घेते आणि पुढे वाटते. त्यामुळे प्रोसेसरवरचा भार हलका होतो आणि जास्त, मोठ्या स्टिक लावता येतात. लोड-रिड्यूस्ड स्टिक याच्याही एक पाऊल पुढे जाते आणि डेटाच्या तारांनाही बफर लावते.

आता व्यवहाराचे नियम. अनबफर्ड आणि रजिस्टर्ड एकाच मशीनमध्ये एकत्र चालत नाहीत. रजिस्टर्ड आणि लोड-रिड्यूस्डही एकत्र चालत नाहीत. रजिस्टर्ड स्टिक साध्या डेस्कटॉप बोर्डात डीडीआर४ पर्यंत जागेत नीट बसते, पण मशीन सुरूच होत नाही. अनबफर्ड ईसीसी स्टिक साध्या बोर्डावर बहुतेक वेळा चालते, फक्त तिथे ती साधी रॅम बनून राहते. चुका दुरुस्त व्हायला हव्या असतील तर प्रोसेसर आणि बोर्ड दोघांचा होकार लागतो. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड हवा.

डोळ्यांनी ओळखायचं तर डीडीआर४ स्टिकच्या एका बाजूच्या काळ्या चिप मोजा. आठ म्हणजे साधी, नऊ म्हणजे ईसीसी, आणि नऊसोबत मध्यभागी वेगळ्या आकाराची एक चिप असेल तर रजिस्टर्ड. डीडीआर५ मध्ये ही युक्ती फसते, कारण तिथे प्रत्येक स्टिकच्या मध्यावर वीजपुरवठ्याची चिप असतेच. मोजदाद पक्की वाटत नसेल तर सरळ लेबलकडे वळा (प्रश्न ३).

६. सर्व्हरमधून काढलेली रॅम खूप स्वस्त मिळतेय. घेऊ का?

तुमचं मशीन रजिस्टर्ड रॅम घेणारं असेल तर जरूर घ्या. यासारखा सौदा नाही. एचपी झेड४४०, डेल प्रिसिजन ५८१०, लेनोवो पी५२० ही मशीनं अशा डीडीआर४ रजिस्टर्ड स्टिकवर आनंदाने चालतात.

पण नाव बघून अंदाज बांधू नका. मी स्वतः बांधला होता. एचपीच्या झेड४२० साठी आठ-आठ जीबीच्या चार डीडीआर३ रजिस्टर्ड स्टिक आणल्या होत्या. प्रोसेसर झिऑन ई५ (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनचा प्रोसेसर), म्हणजे रजिस्टर्ड चालणारच, असा माझा हिशेब. प्रोसेसरला चालतं, पण ते मशीन अनबफर्ड ईसीसी घेणारं आहे. बिपबिप ऐकत अर्धा रविवार गेला. विकणाऱ्याने परत घेतल्या नाहीत आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं, 'मशीन कोणतं' हे त्याने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. पुढच्याच पिढीच्या झेड४४० ला मात्र रजिस्टर्डच लागते.

हीच चूक आणखी काही मशीनबाबत होते. डेल प्रिसिजन ३६२० किंवा एचपी झेड२४० दिसायला वर्कस्टेशन, नावानेही वर्कस्टेशन, पण दोन्ही अनबफर्ड घेतात. ईसीसी की साधी हे तुम्ही ठरवा, रजिस्टर्ड मात्र नाही.

७. मला किती जीबी पुरेल?

मशीनवर तुमचं सगळ्यात जड काम उघडा, ते अगदी रंगात आलं की टास्क मॅनेजरमध्ये किती रॅम वापरली जातेय ते बघा. त्या आकड्याच्या दीडपट घ्या. एवढा एक हिशेब कुठल्याही सल्ल्यापेक्षा खरा निघतो.

तरी ढोबळ सांगायचं तर ऑटोकॅडचे द्विमिती नकाशे आणि टॅली यांना १६ जीबी भरपूर. ईटॅब्स, रेव्हिट अशा इमारत-डिझाइनच्या प्रोग्रॅमवाल्यांनी ३२ च्या खाली जाऊ नये. खाणींच्या, जमिनींच्या ड्रोन फोटोंपासून त्रिमिती नकाशा करणारे लोक सगळ्यात खादाड, आणि नागपुरात ते कमी नाहीत. शेकडो फोटो एकदम जुळवताना ६४ जीबीही अपुरे पडतात. लग्नाचा फोरके व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना ३२ ते ६४ मध्ये समाधान मिळतं, त्यांचा अडथळा बहुधा रॅमचा नसून जुन्या हार्ड डिस्कचा असतो. आधी एसएसडी टाका, मग माझ्याकडे या.

८. माझं मशीन जास्तीत जास्त किती रॅम घेईल? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात.

कारण मर्यादा तीन असतात: प्रोसेसरची, बोर्डाची आणि विंडोजची. तिघांपैकी जी सगळ्यात लहान ती तुमची.

झिऑन ई३ च्या 'व्ही३' पिढीची मशीनं ३२ जीबीवर थांबतात, कारण चार जागा आणि प्रत्येकी जास्तीत जास्त आठ जीबी. १६ जीबीची डीडीआर३ अनबफर्ड स्टिक बाजारात आहे, पण त्या प्रोसेसरला ती ओळखता येत नाही. इंटेलच्या सहाव्या पिढीला ६४ जीबी. पुढे ३२ जीबीच्या डीडीआर४ स्टिक आल्या आणि नवव्या पिढीच्या बोर्डांना नवं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) टाकून १२८ जीबीपर्यंत जाता आलं. म्हणून छापील मॅन्युअलमध्ये ६४ आणि कंपनीच्या पानावर १२८ असं दिसलं तर दोन्ही खरे असू शकतात, तारीख बघा.

विंडोज १० आणि ११ ची होम आवृत्ती १२८ जीबीवर हात टेकते, प्रो २ टीबीपर्यंत जाते. विंडोज ७ होम प्रीमियमची हद्द १६ जीबी होती, आणि काही जुन्या ऑफिसांत अजूनही हीच अडचण निघते. ३२ बिटची विंडोज असेल तर ४ जीबीच्या पुढे काही दिसणारच नाही.

९. आठ जागांपैकी कोणत्या जागेत लावू? कुठेही लावली तर काय बिघडतं?

चालते, पण हळू. प्रोसेसर रॅमशी एकाच वेळी अनेक वाटांनी बोलतो, त्यांना चॅनल म्हणतात. साध्या डेस्कटॉपला दोन, झिऑन ई५ किंवा झिऑन डब्ल्यू-२१०० ला चार. चार चॅनलच्या मशीनमध्ये ३२ जीबीची एकच स्टिक लावणं म्हणजे चौपदरी रस्त्याच्या तीन लेन बॅरिकेड लावून बंद ठेवणं. त्यापेक्षा आठ-आठच्या चार घ्या.

कोणती जागा आधी, हे मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूच्या चित्रात असतं. काही मशीनमध्ये क्रमांक १, २, ३, ४ शेजारी-शेजारी नसून प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात. चित्र बघूनच लावा.

दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये आणखी एक गोष्ट. दुसऱ्या प्रोसेसरची जागा रिकामी असेल तर त्याच्या बाजूच्या रॅमच्या जागाही मेलेल्या असतात. एचपी झेड६२० मध्ये तर दुसरा प्रोसेसर आणि त्याच्या चार रॅम-जागा वेगळ्या कार्डवरच येतात. कार्ड नसेल तर बाराऐवजी आठच जागा हाती राहतात.

१०. जुनी ८ जीबीची आहे. तिच्यासोबत १६ ची लावली तर चालेल का? कंपनी वेगळी असली तर?

प्रकार एकच असेल (प्रश्न ५) तर बहुतेक वेळा चालते. साध्या इंटेल मशीनमध्ये ८ आणि १६ लावली तर ८ अधिक ८ जीबी दुहेरी चॅनलमध्ये धावते आणि उरलेली ८ एकेरीत. सगळ्या स्टिक सगळ्यात संथ स्टिकच्या वेगाने चालतात.

वर्कस्टेशनच्या बाबतीत माझं मत थोडं हट्टी आहे: एकाच पार्ट नंबरच्या चार किंवा आठ स्टिक घ्या आणि जुन्या विकून टाका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार स्टिक सहा महिने छान चालून सातव्या महिन्यात रडवतात, आणि मग दोष कोणाचा हे शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नवा संच घेऊन झाला असता. घरच्या पीसीला मात्र एवढं सोवळं लागत नाही.

११. ३२०० ची स्वस्त मिळाली, मशीन २४०० चं आहे. नुकसान होईल का?

नाही, ती २४०० वर चालेल. झिऑन ई५ ची 'व्ही३' पिढी २१३३ वर आणि 'व्ही४' २४०० वर अडते, मग स्टिक कितीही वेगवान असो. फक्त गेमिंगच्या चमकदार स्टिक घेताना बघा. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा एक्सएमपी किंवा एक्स्पो (बायोसमधली रॅमचा वेग वाढवायची सोय) चालू केल्यावरचा असतो. कंपनीच्या बऱ्याचशा वर्कस्टेशनमध्ये ती सोयच नसते, तिथे अशी स्टिक तिच्या मूळ, कमी वेगावर बसते. वर तिची उंच पत्र्याची टोपी पंख्याच्या आवरणाला आडवी येते ते वेगळंच.

१२. '१आर', '२आर', '४आर' मध्ये काय घ्यावं?

एका चॅनलवर किती रँकचा भार चालेल याला हद्द असते. म्हणून चार रँकच्या स्टिक घेण्याआधी मशीनच्या कागदपत्रात त्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत का ते बघा. एक आणि दोन रँकमध्ये रोजच्या कामात फरक जाणवत नाही. फक्त सगळ्या सारख्या घ्या.

१३. माझ्याकडे आणि मित्राकडे दोघांकडेही एचपी झेड४ जी४ आहे. त्याची रॅम माझ्यात चालत नाही. मशीन खराब आहे का?

मशीन ठणठणीत आहे. झेड४ जी४ या एकाच नावाखाली दोन जाती आहेत. झिऑन डब्ल्यू प्रोसेसर असलेलीला रजिस्टर्ड ईसीसी लागते, कोअर एक्स प्रोसेसर असलेलीला साधी अनबफर्ड. बाहेरून डबा तोच. म्हणून मशीनसोबत प्रोसेसरचंही नाव कळवा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एएमडीच्या थ्रेडरिपरमध्येही असाच पेच आहे. ३००० मालिकेचा साधा थ्रेडरिपर अनबफर्ड घेतो, त्याच मालिकेच्या 'प्रो' ची वर्कस्टेशनं रजिस्टर्डवर चालतात, आणि ७००० मालिकेपासून दोघांनाही रजिस्टर्ड डीडीआर५ च लागते.

१४. कंपनीचीच रॅम घ्यायला हवी का? ती तर दुप्पट महाग आहे.

तांत्रिकदृष्ट्या नाही. एचपी किंवा डेल रॅमच्या चिप बनवत नाहीत. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांच्या स्टिकवर आपलं लेबल लावतात. जुन्या स्टिकवरचा सॅमसंगचा किंवा हायनिक्सचा मूळ पार्ट नंबर वाचून तीच बाजारातून घेतली तर वस्तू तीच. किंग्स्टनच्या पानावर मशीनचं नाव टाकून जुळणारी स्टिक शोधायची सोयही आहे. मशीन वॉरंटीत असेल आणि सरकारी किंवा मोठ्या कंपनीच्या ऑफिसचं असेल तर मात्र कंपनीचीच घ्या. तिथे मशीनपेक्षा ऑडिट सांभाळायचं असतं.

१५. ऑनलाइन चायनीज एक्स९९ बोर्ड घेतलाय, झिऑनसोबत. त्याला कोणती?

यातल्या बहुतेक बोर्डांवर झिऑन ई५ व्ही३ किंवा व्ही४ सोबत रजिस्टर्ड ईसीसी डीडीआर४ चालते, म्हणूनच हा स्वस्तातला मार्ग लोकप्रिय आहे. पण याच नावाचे डीडीआर३ बोर्डही आहेत आणि चार जागा असूनही दोनच चॅनल जोडलेले बोर्डही. मॅन्युअल मिळणं कठीण. बोर्डावर छापलेलं नाव वाचून आणि खाच बघूनच पुढे जा. दिवसाचं काम ज्यावर अवलंबून आहे अशा मशीनसाठी मी हा बोर्ड सुचवत नाही.

१६. ८ जीबी डीडीआर३ अर्ध्या किमतीत मिळते, पण 'फक्त एएमडीसाठी' लिहिलंय. असं काही असतं का?

असतं. तिच्यातल्या चिपची मांडणी वेगळी असते, ती एएमडीच्या जुन्या बोर्डांना समजते आणि इंटेलला नाही. इंटेलच्या मशीनमध्ये ती लावून फक्त काळा पडदा मिळेल.

१७. डीडीआर५ लावली आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं झाली. खराब निघाली का?

थोडं थांबा. डीडीआर५ पहिल्यांदा लावल्यावर बोर्ड प्रत्येक स्टिकशी वेळ जुळवून घेतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात, आणि जास्त रॅम असली की ते काही मिनिटं चालतं. घाईने बटण दाबून बंद केलंत की पुन्हा पहिल्यापासून सुरू. चहा करून या. पंधरा-वीस मिनिटांनीही काही नाही तर प्रश्न १९.

चार स्टिक लावायचा विचार असेल तर हेही बघा: एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरना दोन स्टिकवर ५२०० चा वेग अधिकृत आहे, चार लावल्या की ३६००. म्हणून १६ च्या चारपेक्षा ३२ च्या दोन बऱ्या. २४ आणि ४८ जीबीच्या नव्या स्टिक घेणार असाल तर आधी बायोस अद्ययावत करा. आणि 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच' हे दुकानातलं वाक्य अर्धवट आहे. चिपच्या आतली तपासणी असते, पण ती प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक पकडत नाही. खऱ्या ईसीसीची स्टिक वेगळीच असते. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड डीडीआर५ ची खाचही वेगळी आहे, त्यामुळे निदान प्रश्न ६ मधली माझ्यासारखी चूक तिथे होणार नाही.

१८. दुकानात किंवा सेकंड हँड घेताना काय बघू, काय विचारू?

विचारायचं एकच: "माझ्या मशीनवर नाही चालली तर परत घ्याल का, आणि किती दिवसांत?" उत्तर बिलावर लिहून घ्या. बिलावर पार्ट नंबर आणि सीरियल नंबर दोन्ही हवेत, नुसतं '१६ जीबी रॅम' नको. लेबल फाटलेली किंवा दुसऱ्या लेबलवर चिकटवलेली दिसली तर सोडून द्या. चार स्टिक घेत असाल तर चारही लेबलं वाचा. एका पाकिटात तीन 'आर' आणि एक 'ई' मी पाहिली आहे. जमत असेल तर सरळ मशीनच सोबत न्या. सीपीयूचा डबा स्कूटीवर पायांमध्ये ठेवून बर्डीत नेणारे नागपूरकर मी कमी पाहिलेले नाहीत.

१९. नवी रॅम लावली, मशीन चालूच होत नाही. किंवा चालू होतं, पण रॅम अर्धीच दिसते.

वीज काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि सगळ्या स्टिक काढा. एकच स्टिक पहिल्या क्रमांकाच्या जागेत लावा, दोन्ही टोकांच्या कुलपांचा 'टक्' आवाज यायला हवा. चालू झालं तर एक-एक वाढवत जा. कोणत्या स्टिकवर किंवा कोणत्या जागेत गाडी थांबते ते लिहून ठेवा. एकही चालली नाही तर प्रकार चुकला आहे असं समजा आणि प्रश्न ५ कडे जा.

रॅम अर्धी दिसत असेल तर आधी बायोसमध्ये किती दिसते ते बघा. तिथे पूर्ण आणि विंडोजमध्ये कमी, तर 'एमएसकॉन्फिग' च्या बूट टॅबमधल्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत 'मॅक्झिमम मेमरी' ची खूण कोणी लावून ठेवली आहे का पाहा, नाहीतर प्रश्न ८ मधली मर्यादा असेल. बायोसमध्येच कमी दिसत असेल आणि स्टिक सगळ्या चांगल्या असतील तर संशय प्रोसेसरच्या सॉकेटवर घ्या. एखादी वाकलेली पिन किंवा प्रोसेसरवरचा वाकडा कसलेला कूलर अख्खा चॅनल गायब करू शकतो. हे काम घरी करू नका.

२०. आमच्याकडे मे महिन्यात मशीन आपोआप बंद पडतं. रॅममुळे असेल का? आणि खोलीत कूलर चालतो, तो चालेल का?

पारा ४५ च्या वर गेला की माणसं बंद पडतात, मशीनचं काय घेऊन बसलात. डीडीआर४ च्या चिप साधारण ८५ अंशांपर्यंत नेहमीच्या रीतीने काम करतात. त्यापुढे ९५ पर्यंत त्यांना दुप्पट वेळा ताजं करत राहावं लागतं. आठ रजिस्टर्ड स्टिक शेजारी-शेजारी, वर धुळीने बुजलेली जाळी आणि बाहेर नागपूरचा मे, म्हणजे हा आकडा फार दूर राहत नाही. बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये रॅमवरून हवा जावी म्हणून प्लॅस्टिकचं आवरण किंवा छोटा पंखा असतो. सेकंड हँड मशीनमध्ये तो हमखास हरवलेला असतो. तो शोधून लावा. एकदम बंद पडण्यामागे मात्र रॅमपेक्षा प्रोसेसरची वाळलेली पेस्ट किंवा थकलेला पॉवर सप्लाय जास्त वेळा सापडतो.

कूलरबद्दल: खोलीत चालू द्या, पण त्याची हवा थेट मशीनवर नको. ओल आणि धूळ एकत्र आली की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि जुलैत, पहिल्या झडीच्या सुमारास, 'मशीन सुरू होत नाही' चे फोन सुरू होतात. पट्ट्या पुसायला दुकानात खोडरबर वापरतात. चालतं, पण त्याचा चुरा रॅमच्या जागेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती नसलेलं, धागे न सोडणारं कापड बरं. थंडीत उलटी भीती असते. हवा कोरडी, अंगावर स्वेटर, बोटातून ठिणगी. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

२१. सगळं चालू आहे, पण रेंडर मध्येच कोसळतो किंवा निळी स्क्रीन येते. रॅमच आहे हे कसं ठरवू?

पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' चालवा. त्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ६४ जीबीला त्यात रात्र जाते. एकही चूक दिसली तर ती चूकच आहे, 'एखादी चालते' असं रॅममध्ये नसतं. मग एकेक स्टिक वेगळी तपासा. ईसीसी असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' च्या नोंदी बघा. दुरुस्त केलेल्या चुका तिथे दिसतात, आणि त्या रोज वाढत असतील तर स्टिक बदलायची वेळ आली आहे. एक्सएमपी चालू असेल तर आधी ते बंद करून पाहा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

२२. एचपी झेड२ मिनी आहे. नावात वर्कस्टेशन, पण डेस्कटॉपची रॅम बसतच नाही.

त्याला लॅपटॉपची छोटी स्टिक लागते, लेबलवर 'एस' असलेली किंवा ईसीसीची तशीच छोटी. डीडीआर४ ला २६० पिन, डीडीआर५ ला २६२. बाकी सगळे नियम वरचेच.